एक कोंबडी कमी

मीना शाळेत जात नाही, तिचा भाऊ राजू जातो. घरात कुणालाच यात काही वावगं वाटत नाही. बाप दुष्ट नाही, आई खाष्ट नाही, पोरीवर सगळ्यांचा जीव आहे. फक्त ती शाळेचं नाव काढते तेव्हा मोठी माणसं जरा हसून विषय बदलतात. मुलीला काय करायचंय शाळेचं, आणि गेलीच तर घरातलं कोण बघणार? ओरडा नाही, मार नाही, नुसती ठरून गेलेली गोष्ट आहे. 'काउंट युअर चिकन्स' ही पाव तासाच्या आतबाहेरची कार्टून फिल्म इथून सुरू होते, आणि या सुरुवातीतच तिचं शहाणपण दिसतं. खलनायक उभा करून त्याला शेवटी पाडणं सोपं असतं. चांगल्या माणसांच्या घरातला अन्याय दाखवायचा तर हात हलका लागतो.

तो हात राम मोहन यांचा होता. १९३१ साली जन्मलेले, मद्रासला रसायनशास्त्र शिकलेले राम मोहन १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात आले. डिस्नेकडे काम केलेला क्लेअर वीक्स हा अमेरिकी चित्रकार तेव्हा तिथे तरुण पोरांना चित्र हलवायला शिकवत होता. पुढे 'भुवन शोम'मधला चलत्चित्रांचा तुकडा, 'शतरंज के खिलाडी'च्या सुरुवातीची ती मिस्कील चित्रं, 'पती पत्नी और वो'ची श्रेयनामावली ही सगळी त्यांचीच कामं. नाव माहीत नसलं तरी त्यांची रेष आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिलेली आहे.

मीनाचा जन्म मात्र मुंबईतला नव्हे. सार्क देशांनी १९९१ ते २००० हे मुलींचं दशक म्हणून जाहीर केलं होतं. त्याच सुमारास युनिसेफच्या ढाक्याच्या कार्यालयात नील मॅकी या कॅनेडियन गृहस्थाने विचार मांडला की दक्षिण आशियातल्या सगळ्या मुलींची मिळून एक कार्टून नायिका असावी. भारत, बांगलादेश, पाकिस्तान आणि नेपाळमध्ये हजारो मुलांना आणि पालकांना चित्रं दाखवून, गोष्टी ऐकवून, मतं विचारून ही मुलगी घडवली गेली. राम मोहन यांनी तिला चेहरा दिला आणि दिग्दर्शन केलं. सुरुवातीच्या फिल्मांचं रेखाटनाचं मोठं काम मनिलाला, हॅना-बार्बेराच्या तिथल्या स्टुडिओत झालं. म्हणजे 'टॉम अँड जेरी' आणि 'स्कूबी डू' ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातून आपली ही परकर-पोलक्यातली पोर आली. १९९३ च्या सुमारास ती पडद्यावर दिसू लागली.

बांगलादेशात ती घराघरांत पोचली. तिथे आज तिशी-पस्तिशीत असलेल्या कुणालाही मीना विचारा, तो तिच्या पोपटाचं नावसुद्धा सांगेल. आपल्याकडे दूरदर्शनवर येऊनही ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावात तर मी हे नाव काढलं की समोरच्याला मीनाकुमारी आठवते.

आधी फिल्मकडे नीट बघू. ती का रुजली नाही ते नंतर पाहता येईल.

मीनाजवळ मिठू नावाचा पोपट आहे. तिला शाळेत जाता येत नाही, म्हणून ती मिठूला पाठवते. पोपट शाळेत जाऊन बसतो, गुरुजी शिकवतात ते ऐकतो आणि परत येऊन मीनाला म्हणून दाखवतो. लहान मुलं इथे हसतात आणि हसायलाच हवं. पक्ष्याला शाळेत मुभा आहे, मुलीला नाही, हा विनोद त्यांना बरोबर कळतो. मोठ्या माणसाला मात्र थोड्या वेळाने जाणवतं की गुरुजींच्या, गावाच्या, बापाच्या कुणाच्याच नजरेला पोपट खुपत नाही, कारण त्याच्या शिकण्याने कुणाचंच काही बदलणार नसतं. मुलीच्या शिकण्याने बदलणार असतं. फिल्म हे वाक्य कुठेही उच्चारत नाही.

आपल्याकडे पोपट म्हणजे समजून न घेता बोलणारा. इथेही मिठूला आकड्यांचा अर्थ कळत नाही, तो नुसते आवाज वाहून आणतो. त्या आवाजांचा हिशेब होतो तो मीनाच्या डोक्यात. घोकंपट्टी करणाऱ्या वर्गातून निघालेली विद्या एका पाखराच्या चोचीतून येते आणि वर्गाबाहेरच्या मुलीपाशी आल्यावर पहिल्यांदा खरी होते. शाळेवर इतकी बोचरी टीका शाळेचाच प्रचार करणाऱ्या फिल्ममध्ये शिरली आहे, ती मुद्दाम की नकळत, देव जाणे. मला ती मुद्दाम वाटते. राम मोहन यांच्या विनोदात असा तिरकस धागा नेहमी असायचा.

गुरूने दारात न घेतलेल्या शिष्याची गोष्ट आपल्याला महाभारतापासून ठाऊक आहे. एकलव्य एकटाच शिकला आणि शेवटी अंगठा देऊन बसला. मीना शिकते तेव्हा तिच्याकडून कुणी काही मागत नाही, पण तिला काहीतरी सिद्ध करावं लागतंच. ते ती कोंबड्या मोजून करते.

हा फिल्मचा गाभा. शिकलेले आकडे कुठे लावायचे? पाटी नाही, वही नाही. अंगणात कोंबड्या आहेत. त्या स्थिर राहत नाहीत, एकमेकींत मिसळतात, मोजून झालेली पुन्हा न मोजलेल्यांत जाते. ज्याने लहानपणी संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात कोंडल्या आहेत त्याला ही कटकट माहीत आहे. आणि मोजल्यावर मीनाला कळतं की एक कमी आहे. तोवर घरातल्या कुणाला हे कळलेलं नसतं. बापाला नाही, शाळेत जाणाऱ्या राजूलाही नाही. कोंबड्या रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. 'कोंबड्या आहेत' एवढंच सगळ्यांना दिसत होतं, 'किती आहेत' ते मीनाला पहिल्यांदा दिसलं. मग चोर लक्षात येतो, मीना आरडाओरडा करते, माणसं धावतात, चोर सापडतो. बापाचा ऊर भरून येतो आणि मुलगी शाळेत जाते.

चित्रांची काटकसर इथे फिल्मच्या पथ्यावर पडली आहे. हॅना-बार्बेराच्या पद्धतीत शरीर फारसं हलत नाही. तोंड हलतं, डोळे हलतात, चालणं तेच तेच वापरलं जातं आणि मागचं चित्र सरकत राहतं. स्वस्तात काम होतं. एरवी हे तंत्र निर्जीव वाटू शकतं. पण घरातली सगळी माणसं जागच्या जागी असताना एका मुलीचे डोळे इकडून तिकडे फिरत असतील, तर प्रेक्षकाची नजर आपोआप तिच्या मागे जाते आणि आपणही मनात मोजू लागतो. मुलीला मोजता येतं हे सांगण्यापेक्षा प्रेक्षकाला तिच्याबरोबर मोजायला लावणं जास्त अवघड होतं, आणि ते साधलं आहे.

माझी तक्रार सुरू होते ती चोरापासून. मीनाला शाळेत घालण्याचं कारण काय ठरलं? तिने कोंबडी वाचवली. म्हणजे बापाचं मन पालटलं ते मुलीच्या हक्काने नव्हे, नफ्यातोट्याच्या हिशेबाने. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हा हिशेब चटकन पटेल. द्राक्षाच्या छाटणीपासून बेदाण्याच्या सौद्यापर्यंत सगळा तालुका असल्याच हिशेबावर चालतो. औषध फवारलं तर घड किती वाचतील, शेडवर माल किती दिवस ठेवला तर दर किती मिळेल. त्याला सांगा, पोरगी शिकली तर व्यापारी काट्यावर फसवणार नाही, तो मान डोलावेल. फिल्म करणाऱ्यांनी हे ओळखून केलं असणार, प्रचाराच्या दृष्टीने ते चूकही नव्हतं. पण राजूने शाळेत जाण्यासाठी कुठली कोंबडी वाचवली होती? त्याच्याकडून कुणी पुरावा मागितला नाही. मुलाला न मागता मिळतं ते मुलीने कमावून दाखवायचं, ही अट फिल्म मोडत नाही. ती अट मीना पार करते एवढंच.

म्हणून मला याच मालिकेतली आंब्याच्या वाटणीची फिल्म, 'डिव्हायडिंग द मँगो', जास्त सरस वाटते. तिथे चोर नाही, बक्षीस नाही. आंब्याची मोठी फोड राजूला, लहान मीनाला. ताटातसुद्धा त्याला जास्त, तिला कमी. का, तर तो मुलगा, तो काम करतो. मीना म्हणते, मग एक दिवस कामं बदलू. राजू आनंदाने तयार होतो, त्याला वाटतं घरात बसून आराम. दिवसभर झाडलोट, पाणी, धाकट्या राणीला सांभाळणं यात तो पार पिचून जातो, आणि जेवताना मीनाच्या वाट्याचं कमी जेवण त्याच्या वाट्याला येतं. भूक लागलेली, अंग दुखतंय आणि ताटात पुरेसं नाही. या फिल्ममध्ये भाषण नाही म्हटलं तरी चालेल. राजूच्या चेहऱ्यावर सगळं आलं आहे, आणि तो चेहरा रडका न करता हसरा ठेवला आहे हे दिग्दर्शकाचं कौशल्य.

द्राक्षपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला यातली राणी लगेच ओळखू येते. विरळणीच्या दिवसांत बायका उजाडायच्या आत टेम्पोत बसून दुसऱ्याच्या बागेत जातात, बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जातात. घरातलं धाकटं कुणाकडे? थोरलीकडे. तिची शाळा कुणी बंद केलेली नसते. हजेरीपटावर ती असते. फक्त त्या दिवसांत ती वर्गात कमी दिसते.

मग एवढं चांगलं काम आपल्याकडे का रुजलं नाही?

तुलना करायला एक जवळचंच उदाहरण आहे. मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांनी १९७४ साली 'एक अनेक और एकता' केलं. तेही प्रचारच, तेही सरकारी, तेही काही मिनिटांचं. आज पन्नाशीतला माणूसही ते गुणगुणतो. कारण एक तर ते गाणं होतं, आणि त्यातला लहान मुलीचा आवाज साधना सरगमचा होता. दुसरं, त्या काळात एकच वाहिनी होती आणि दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळात ते पुन्हा पुन्हा लागायचं. मुलांनी ते निवडलं नव्हतं, ते त्यांच्या कानावर पडत राहिलं. मीनाला हे भाग्य बांगलादेशात मिळालं. तिथे तेव्हा घराघरांत सरकारी बीटीव्ही हीच वाहिनी होती. आपल्याकडे ती आली तेव्हा दूरदर्शनची सद्दी संपत चालली होती. १९९२ मध्ये झी आली, १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं, गावागावांत केबलच्या तारा विजेच्या खांबांवरून लोंबू लागल्या. मुलांच्या हातात रिमोट आला होता, आणि रिमोट हातात असलेलं मूल उपदेश ऐकत बसत नाही.

त्यात समोर स्पर्धक कोण? १९९३ पासून रविवारी सकाळी 'जंगल बुक'. मोगलीला शाळा नाही, अभ्यास नाही, आईची हाक नाही. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजची चाल आणि शेरखानला आपल्या नाना पाटेकरचा आवाज. मोगली जपानी होता हे कुणाला माहीत होतं? कुणाला पर्वा होती? तो दर रविवारी ठरल्या वेळी यायचा. लहान मुलाला पात्राशी सवय जडायला अशी ठरलेली वेळ लागते. मीनाच्या फिल्मा सुट्या सुट्या, संख्येने थोड्या, कधी कुठल्या कार्यक्रमात लागतील याचा नेम नाही. सार्कच्या मुलींसाठी इतकं संशोधन झालं, पण रविवारी सकाळची ती एक वेळ तिच्या नावावर झाली नाही.

दुसरं कारण तिच्या जन्मातच आहे. ती सगळ्यांची व्हावी म्हणून तिला कुठलीच ठेवली नाही. तिचं नाव हिंदूला चालेल, मुसलमानाला चालेल. कपडे साडी नव्हेत, सलवारही नव्हे. घरं मातीची, झाडं हिरवी, पण ते गाव लाहोरजवळचं की खुलन्याजवळचं की मिरजेजवळचं, सांगता येत नाही. यामागचा हेतू स्वच्छ होता आणि एवढ्या भांडखोर देशांना एका मुलीवर एकमत करायला लावणं ही लहान गोष्ट नव्हती. पण प्रेक्षकाला पात्र आवडतं ते त्याच्या अंगाला कुठल्यातरी मातीचा वास असतो म्हणून. आमच्या राष्ट्रीय वाहिनीवर मीना छान हिंदी बोलली. तासगावच्या आईने मुलीला शाळेपासून थोपवायचं असतं तर ती म्हणाली असती, "गप बस गं, लय शानी झालीस. त्या बारक्याला घे आधी." या वाक्यातली माया आणि मुस्कटदाबी दोन्ही त्या हिंदीत उतरत नाहीत. बंगालीत मीना घरची झाली, कारण तिथे एका भाषेत जवळजवळ अख्खा देश बसतो.

तिसरं कारण पडद्याबाहेरचं. बांगलादेश सरकारने १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना देशभर विद्यावेतन सुरू केलं. फिल्म पाहून बापाचं मन हललं, तर पुढची वाट खुली होती.

हे सगळं ज्या तालुक्यात बसून मी लिहितो आहे, तिथलंच एक उलट उदाहरण आहे. मीनाची 'तीन इच्छा' नावाची एक फिल्म आहे, स्वच्छ पाणी, संडास आणि हात धुणं यांच्याविषयी. बांगलादेशात ती फार गाजली. त्याच दशकाच्या शेवटी तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील राज्याचे ग्रामविकासमंत्री झाले आणि संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. विषय तोच, हागणदारी आणि हात धुणं. पण ते महाराष्ट्रात असं पेटलं की गावंच्या गावं रस्ते झाडत होती. का? कारण ते गाडगेबाबांच्या नावाने आलं, हातात खराटा घेऊन आलं आणि गावागावांत बक्षिसासाठी चुरस लावून आलं. कीर्तनात समोरच्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून उत्तर काढायची बाबांची रीत इथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ऐकून माहीत होती. मीनाच्या पाठीशी असं कुणी नव्हतं. तिच्या हातात युनिसेफचं निळं बोधचिन्ह होतं. आपल्याकडे असं बोधचिन्ह दिसलं की माणूस समजतो, आता डोस येणार, आणि उठून चहा ठेवायला जातो.

पण खरं कारण याहून खोल आहे, असं मला वाटतं. आपण धरून चाललो की ही फिल्म आपल्यासाठी नाही. मुलींनी शाळेत जावं की नाही हा प्रश्न आमच्या भागाने केव्हाच सोडवला आहे, अशी आमची ठाम समजूत. सावित्रीबाई फुले नायगावच्या, सातारा जिल्ह्यातल्या. पुण्याच्या भिडेवाड्यातली मुलींची शाळा १८४८ ची. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि त्यानंतर सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत चालत जाता येईल अशा अंतरावर शाळा आल्या. तासगाव-मिरजेची पोर सायकलवरून हायस्कूलला जाते, ही इथे बातमी नव्हती. मग मीनाची कैफियत बिहारसाठी असेल, नेपाळसाठी असेल. आपण सुधारलेले.

आता त्या फिल्मचं नाव पुन्हा वाचा. कोंबड्या मोजा.

२००१ ची जनगणना झाली तेव्हा सांगली जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली निघाल्या ८५१. शेजारच्या कोल्हापुरात त्याहून कमी. ऊस, द्राक्ष, दूध, सहकार, शाळा सगळं असलेला हा मुलूख, आणि मोजल्यावर कळलं की मुली कमी आहेत. रोज डोळ्यांसमोर होत्या, तरी कुणाला दिसलं नव्हतं. २०११ ला आकडा थोडा सुधारला, पण नऊशेच्या खालीच राहिला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात 'नकुशा' अशी नावं असलेल्या अडीचशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं देण्यात आली. २०१७ च्या मार्चमध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८ चा. केंद्राचा १९९४ चा. म्हणजे मीना जन्मली त्याच वर्षांत हा सगळा झगडा चालू होता. अमर्त्य सेन यांनी १९९० च्या डिसेंबरात एका अमेरिकी नियतकालिकात लेख लिहून सांगितलं होतं की जगात दहा कोटींहून जास्त स्त्रिया हरवल्या आहेत. तेही शेवटी मोजणंच होतं. किती असायला हव्यात, किती आहेत, फरक किती. एका अर्थतज्ज्ञाचा तो लेख आणि एका पोपटाची ही कार्टून फिल्म, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, एकच गोष्ट सांगत होती. फिल्मवाल्यांच्या मनात हा अर्थ नसेलही. पण चांगली कलाकृती तिच्या कर्त्याच्या हेतूपेक्षा मोठी होते ती अशी, ज्या मातीत ती पडते त्या मातीमुळे. ढाक्यात तो प्रश्न शाळेचा होता. सांगलीत पाहिली असती तर तो जन्माचा झाला असता. अंगणात एक कोंबडी कमी आहे हे ज्या घरात मुलगी ओळखते, त्या घरात मुळात मुलगी असावी लागते.

या अर्थाने ती फिल्म आपल्याला लागू नव्हती हे खोटं. ती लागू होती, फक्त आपण समजलो त्या कलमाखाली नव्हे. आणि तिचा चोरही आपल्याकडे बाहेरून येत नाही. फिल्ममधला चोर परका आहे, त्याला धरायला गाव धावतं. इथे चोरी घरच्यांच्या संमतीने, पैसे मोजून, डॉक्टरच्या दारात होते. कुणी आरडाओरडा करत नाही, कारण धावून येणाऱ्यांपैकी कुणालाच काही हरवलं असं वाटत नाही. मीनाच्या गोष्टीतलं सगळ्यांत भाबडं पान हेच. तिच्या गावाला कोंबडी हवी होती.

तरी मी तिला अपयशी म्हणणार नाही. महाराष्ट्रातल्या शाळांत मीना-राजू मंच नावाचा उपक्रम आहे, मुला-मुलींनी एकत्र बसून बोलायचं, गोष्टी ऐकायच्या, नाटुकली करायची. कागदावरचे असे बरेच उपक्रम असतात. पण जिथे एखाद्या शिक्षिकेने मनावर घेतलं आहे तिथे मुली उभ्या राहून बोलतात, आणि महत्त्वाचं म्हणजे मुलगे बसून ऐकतात. दूरदर्शनवर जे जमलं नाही ते फळ्यापुढे थोडंफार जमतं आहे. २४ सप्टेंबर हा मीना दिवस म्हणून पाळला जातो.

राम मोहन यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ ला ते गेले. विजया मुळे त्याच वर्षी मे महिन्यात गेल्या होत्या. जपानी युगो साको यांच्याबरोबर राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेलं 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' मीनाच्याच वेळचं. त्याचंही भारतात आधी कुणी धड स्वागत केलं नव्हतं. ते लोकांनी उशिरा का होईना शोधून काढलं आणि २०२५ च्या जानेवारीत ते नव्या प्रतीतून थिएटरात लागलं. मीनासाठी असं कुणी केलेलं नाही. प्रत स्वच्छ करून, मराठीत, आणि शक्य तर प्रत्येक जिल्ह्याच्या बोलीत आवाज देऊन ती पुन्हा आणायला फार पैसा लागणार नाही. नाटकातली, आकाशवाणीतली बोलीवर हुकमत असलेली माणसं सांगली-मिरजेत कमी नाहीत.

तोवर यूट्यूबवर ती सहज मिळते. शिक्षक असाल तर वर्गात दाखवा, आई-बाप असाल तर मुलगा आणि मुलगी दोघांना शेजारी बसवून दाखवा. फक्त शेवटपर्यंत एका दमात लावू नका. चोर सापडला, बाप खूश झाला, की तिथे थांबवा आणि मुलांना विचारा, कोंबडी चोरीला गेलीच नसती तर मीना शाळेत गेली असती का? मुलं काय म्हणतात ते पूर्ण ऐका, मधे बोलू नका, आणि मग उरलेली फिल्म लावा.